अक्कलकोट-तुळजापूर ट्रिपला जुनं किल्लारी जोडावं का?

क्रूझरवाला, सोलापूर
माझी क्रूझर आहे, भाड्यानं लावतो. पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं अक्कलकोट, तुळजापूर, वेळ उरला तर नळदुर्गचा किल्ला असं करतात. हल्ली दोन-तीन पार्ट्यांनी विचारलं, "ते भूकंपाचं गाव लांब आहे का हो?" मागच्या महिन्यात एका पार्टीला घेऊन गेलो.

जुन्या गावठाणात आता बाभळी, दगडांचे ढीग आणि मधेच एखादी भिंत. पार्टीनं एका घराच्या जोत्यावर सतरंजी टाकली आणि कडक भाकरी, शेंगाचटणी सोडली. सोलापूरची खासियत म्हणून मीच बांधून आणलेली. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारे आले. रागावले वगैरे नाहीत. एवढंच विचारलं, "तुमचं कोन हुतं हितं?" एवढ्या लांबून आलेत म्हणजे कुणीतरी गेलेलंच असणार, असं वाटलं असेल त्यांना. एकालाही उत्तर देता येईना. मी आपला बॉनेट उघडून पाणी बघत बसलो. पाणी सकाळीच भरलं होतं.

१९९३ ला मी पाचवीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लेझीम खेळून मेल्यागत झोपलो होतो. पहाटे चारच्या आधी मांडणीवरची भांडी वाजली आणि आजीनं ओढत रस्त्यावर आणलं. मग कितीतरी दिवस अख्खी गल्ली बाहेर झोपायची. आम्हा पोरांना मज्जाच. सिव्हिलला जखमी यायला लागले तेव्हा कळलं काय झालंय ते.

त्या ट्रिपचे जादा किलोमीटरचे पैसे मी घेतले. तेच खटकतंय. परत न्यावं का? नेलं तर दाखवायचं काय?

बाळीवेसचा बाब्या
नको बे. सेल्फी काढायला दुसरं काय नाही का? सिद्धेश्वर तलावावर ने.

रिटायर ओव्हरसियर
न्या, पण गप्प राहून नेऊ नका. माणसं कशानं मेली ते सांगा. दोन-तीन फूट जाड दगड-मातीच्या भिंती, त्यावर लाकडी माळवद म्हणजे सपाट छत, माळवदावर मातीचा थर. पाऊस गळायला लागला की आणखी माती टाकायची, म्हणजे दरवर्षी डोक्यावरचं ओझं वाढतच गेलेलं. उन्हात घर गार राहायचं ते ह्याच मातीमुळं. ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ चा धक्का, तोही जमिनीत फार खोल नाही. भिंती आत-बाहेर फुटल्या, माती झोपलेल्यांवर आली. कित्येक ठिकाणी लाकडी खांब तसेच उभे होते! ५२ गावं भुईसपाट, माणसं जवळपास १०,०००. आणि १९९२ पासून किल्लारीत बारीक धक्के बसत होते. पण भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. पुढं २००२ ला तिसऱ्या म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये घातला.

भुजला मी स्मृतिवन, म्हणजे तिथल्या भूकंपाचं स्मारक, बघून आलोय. भुजियो डोंगरावर ४७० एकर, बंधाऱ्यांवर मृतांची नावं, आत म्युझियम, भूकंप कसा वाटतो ते हलवून दाखवणारं दालनसुद्धा. माळीणला २०१४ साली १५१ माणसं दरडीखाली गेली. समोर गावच दिसत नाही, हे तिथं सगळ्यात आधी एसटीच्या ड्रायव्हरच्याच लक्षात आलं. तुम्ही ड्रायव्हर, म्हणून आठवलं. आपल्याकडं किल्लारीत एक स्तंभ आहे. सांगणारं माणूस मात्र तिथं नसतं.

सास्तूरची लेक
दादा, आमचं सास्तूरही त्याच रात्री गेलं. माझे दोन चुलते आणि आजी. मी आता सोलापुरात दिलेली.

हलवून दाखवणारं दालन नको बाई आम्हाला. रात्री लोड ट्रक गेला तरी मी अजून उठून बसते. आई तर सिमेंटचं नवं घर मिळूनही कितीतरी वर्षं अंगणात पत्र्याखालीच झोपली. छताखाली डोळाच लागायचा नाही तिचा.

जोत्यावर बसलात त्याचं मनाला लावून घेऊ नका. जोतं बसायलाच असतं. फक्त खरकटं तिथं टाकू नका. आणि कुणी विचारलं तर सरळ सांगा, "आमचं कुणी नव्हतं, बघायला आलोय." राग नाही येत कुणाला. तेच आजोबा मग वेस कुठं होती, चावडी कुठं होती, चालत दाखवतील. त्यांचा फोटो मात्र विचारून काढायचा. ३० सप्टेंबरला पार्टी आणू नका. त्या दिवशी स्तंभापाशी मानवंदना असते, आमची माणसं येतात, रडारड असते.

पैसे घ्या की. डिझेल काय फुकट येतं? पण नव्या गावातही न्या. सगळे पडकं बघतात आणि मागं फिरतात. जगलेली माणसं तिकडं राहतात.

क्रूझरवाला, सोलापूर
ताई, बरं झालं बोललात. रविवारी सहा जण आहेत. जेवण नळदुर्गलाच उरकतो. नव्या गावात एसटी स्टँडजवळ चहाचं कुठलं दुकान बरं, ते तेवढं सांगा. आणि त्या आजोबांना काय न्यावं? तंबाखू चालेल का?