मनाली-लेह रस्ता: तुमच्या आठवणी सांगा

घाटवेडी
काल भाच्याचा फोन आला. "मावशी, रोहतांग लागलाच नाही, बोगद्यातून थेट पलीकडे!" रोहतांग खिंडीखालचा हा अटल बोगदा ९.०२ किमीचा, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. मला मात्र आमची जुनी सफर आठवली. रोहतांगच्या चिखलात ट्रकांच्या रांगेमागे दुपार गेली होती, आणि माथा ओलांडताच हिरवाई संपून लाहौल खोऱ्याचे उघडे डोंगर समोर आले होते. तो पालट आता दिसत नाही याची हळहळ वाटते. पण हिवाळ्यात पेशंट खाली न्यायला लाहौलकर हेलिकॉप्टरची वाट बघत बसायचे, ते आठवलं की बोगदा झाला याचा आनंदच जास्त होतो. तुम्ही गेला असाल तर लिहा ना.

नाशिककर
सरचू!! रात्रभर वहिनीचं डोकं ठणकत होतं, उलट्या थांबेनात. ड्रायव्हरदादांनी पहाटे गाडी काढली आणि परत खाली जिस्पाला आणलं. दुपारपर्यंत बाई जेवायला बसल्या. मनालीहून निघून पहिलाच मुक्काम सरचूला करू नका हो, जवळजवळ ४,३०० मीटर आहे ते, उंची बाधते. केलाँग नाहीतर जिस्पाला झोपा.

आभाळ
कापूर नव्हता का जवळ? आमच्या आईने प्रत्येकाच्या खिशात पुरचुंडी दिली होती.

नाशिककर
होता की. वासाने जरा बरं वाटतं, पण त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय. कापरावर विसंबून थांबू नये.

चंद्रभागातीर
तांडीला चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात, पुढे तीच चंद्रभागा, म्हणजे चिनाब. सासूबाई वारकरी. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपली भीमा, वेगळी नदी, हे त्यांना पक्कं ठाऊक. तरी नाव ऐकल्यावर गाडी थांबवायला लावली, काठावर जाऊन हात जोडले आणि दोन अभंग म्हटले. पेट्रोल पंपावरची माणसं ऐकत उभी राहिली. आता सासूबाई नाहीत. बाकी प्रवास पुसट झालाय, हे लख्ख आठवतं.

घाटवेडी
वाचून डोळे भरले गं. तो तांडीचा पंप म्हणजे "पुढचा पंप ३६५ किमी" पाटीवाला ना?

दुचाकी_सातारा
तोच. टाकी फुल्ल करून शिवाय कॅन.
नाले पहाटे ओलांडा. उन्हाने बर्फ वितळतो आणि दुपारी पाणी चढतं, सकाळचा घोट्याइतका नाला संध्याकाळी मांडीपर्यंत. बारालाचा खिंडीच्या अलीकडे माझी बाईक मधोमध बंद पडली. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांनी पाण्यात उतरून ढकलली. झारखंडचे, दुमक्याकडचे. पैसे देऊ केले तर घेईनात, शेवटी एकत्र चहा प्यायलो. पाचेक हजार मीटरवर ही माणसं हाताने खडी फोडतात. लेहला पोचल्याचे फोटो टाकतो आपण, रस्ता त्यांचा आहे.

आभाळ
अगदी खरं.
पांग या उंचावरच्या मुक्कामाला कुकरशिवाय भात शिजत नाही, पाणी कमी तापमानालाच उकळतं. मेतकूट नेलेलं, पण भात कच्चा 😀

खवय्या_पार्लेकर
मेतकूट मॅगीवर घालून बघा!

आभाळ
ईईई

घाटवेडी
😂 भाचा विचारतोय, इथलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालेल का?

दुचाकी_सातारा
नाही, पोस्टपेड घ्यायला सांगा. आणि सरचू-पांगला रेंज मिळेल असं धरू नका, घरी आधीच कळवा म्हणावं.