लाकडाची विंटेज गाडी हाताने बनवलीय? तुमचे अनुभव इथे लिहा

कुडाळवाली
सावंतवाडीच्या चितारआळीमुळे लाकडी खेळणी आपल्याला नवीन नाहीत, पण शोकेसमधलं खेळणं वेगळं आणि मोजमाप धरून केलेलं मॉडेल वेगळं, आणि असं मॉडेल करणारे आपल्या पट्ट्यात बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. मी सध्या फोर्ड मॉडेल टी करतेय. १९०८ ते १९२७ बनत होती ही गाडी, दीड कोटीच्या आसपास बनल्या, आणि मुळात तिच्यातच लाकूड भरपूर, चाकांचे आरे लाकडी, बॉडीचा सांगाडा लाकडी आणि वरून पत्रा. लाकडात करायला यापेक्षा योग्य गाडी मला तरी दिसत नाही. स्केल १:१० घेतलीय कारण हिशोब सोपा पडतो, खरा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, १०० इंच म्हणजे २५४ सेंमी, मॉडेलचा २५.४. तुम्ही कुठली गाडी केलीत, लाकूड कुठलं, चाकं कशी जमवलीत, पावसाळ्यात काय होतं, सगळं लिहा. लांब झालं तरी चालेल.

खारेवारे, रत्नागिरी
लाकडाबद्दल लिहितो. सगळे आधी सागाच्या मागे धावतात, पण लहान मॉडेलमध्ये सागाचे रेषे जाड दिसतात आणि गाडी फर्निचरचा तुकडा वाटायला लागते. माझं मत शिवण. हलकं, पटाशीला मऊ, आणि एकदा नीट वाळलं की फारसं वाकत नाही. सीट आणि डॅशबोर्डला मी फणस वापरतो, ताजं कापलं की पिवळंधमक असतं आणि उजेडात राहून हळूहळू तपकिरी होत जातं, जुन्या गाडीला तो रंग इतका शोभतो की वरून स्टेन मारायची गरजच नाही. पांगारा खेळण्यांना उत्तम पण बारीक आऱ्यांना नको, फार नरम पडतो.

रंधा
चाकांवर लिहायलाच आलोय, कारण अख्ख्या मॉडेलचा जीव चाकात आहे, बॉडी कितीही सुबक करा, चाकं ठोकळ्यातून गोल कापून लावलीत तर ती बैलगाडीच दिसणार. मॉडेल टीच्या चाकाला १२ आरे. खऱ्या चाकात प्रत्येक आऱ्याचं आतलं टोक पाचरीसारखं असतं, बाराही पाचरी मध्यभागी एकमेकींना टेकतात आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी चकत्या आवळतात. हेच तसंच्या तसं लहान करता येतं. ४ मिमी रुंदीचा आरा घ्यायचा, टोकाला दोन्ही बाजूंनी १५-१५ अंशाचा उतार द्यायचा म्हणजे ३० अंशाचं टोक होतं, आणि असे १२ गोल मांडले की मध्ये बरोबर १५ मिमीचं हब, म्हणजे चाकाचा तुंबा, तयार, भोक पाडून खुपसत बसायची गरज नाही. उतार मात्र हाताच्या अंदाजाने नाही द्यायचा, लाकडाच्या ठोकळ्यात १५ अंशाची खाच करून त्यात आरा ठेवायचा आणि सँडपेपर चिकटवलेल्या काचेवर घासायचा. बाराही आरे एकाच ठोकळ्यातून गेले पाहिजेत. मांडणीसाठी प्लायवर वर्तुळ काढून १२ रेघा मारा, मध्ये खिळा. शेवटचा आरा बोटाने दाबल्यावर 'टक' करून बसतो ना, तो आवाज आला की चाक जमलं समजा.
रिम साठी व्हीनियरच्या, म्हणजे कागदासारख्या पातळ लाकडाच्या, पट्ट्या भिजवून पीव्हीसी पाइपावर गुंडाळा, वाळल्या की थरावर थर फेविकॉल. पाइपाला आधी सेलोटेप लावा म्हणजे रिम सुटून येते. पुढचा टायर ३० इंची, म्हणजे आपल्या स्केलला बाहेरून ७६ मिमी.

बंदरवाट, मालवण
माझे काका होड्यांचं काम करायचे. त्यांचं एकच, "आधी लाकडाक दोन पावसाळे बघूक दी, मगे हात लाव." वखारीतून आणून लगेच कापायला घेऊ नका एवढंच सांगायचंय.

पाणंद
वरच्याला पूर्ण अनुमोदन. लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे तळाची रुंद फळी चारी बाजूंनी गोंदाने जखडलीत तर आषाढात फुगून जोड उघडतात नाहीतर वैशाखात चीर जाते. फळी मध्यभागीच चिकटवा, कडेला कागदाच्या जाडीची फट ठेवा. आणि चपड्याचं (लाखेचं) पॉलिश पावसात अजिबात करू नका, दमट हवेत वर पांढुरकी साय येते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की एकेक पातळ हात द्या, जाड हात एकदम नको.
टपाच्या कमानी कोणी लाकडातून कापत असेल तर माणग्याची, म्हणजे कोकणातल्या बांबूची, कांब वापरून बघा. माणगा जवळपास भरीव असतो, मेणबत्तीवर फिरवत फिरवत गरम केला की हवा तसा वळतो आणि थंड झाला की तसाच राहतो.

सडा
एक विचारायचंय. स्टिअरिंग डावीकडे की उजवीकडे? सगळ्या फोटोंत डावीकडे दिसतंय.

रंधा
अमेरिकेतली डावीकडेच. पण ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना फोर्डच्या कॅनडातल्या कारखान्यातून गाड्या जायच्या आणि त्या उजव्या हाताच्याही बनायच्या. आपल्याकडच्या रस्त्यावरची गाडी दाखवायची असेल तर उजवीकडेच करा, मी तशीच केलीय. आणि आत तीन पेडल करायला विसरू नका, डावीकडून क्लच, रिव्हर्स, ब्रेक. अ‍ॅक्सिलरेटर पायात नाहीच, स्टिअरिंगखाली छोटी दांडी आहे. ही दांडी ज्याने केली त्याने गाडी नीट बघितलीय हे लगेच कळतं.

खारेवारे, रत्नागिरी
रंगाचं काय ठरवलंत? १९१४ ते १९२५ कारखान्यातून फक्त काळीच यायची, पण शिवणीवर काळा ऑइलपेंट मारायला माझा हात धजत नाही. मी सगळं लाकूड उघडं ठेवतो, फक्त मडगार्ड काळी.

कुडाळवाली
मडगार्ड काळी हे पटलं, तसंच करते. पाचर-आऱ्यांचं वाचून आजच ठोकळा कापायला घेतेय. माझी गाडी १९१५ ची धरलीय म्हणजे रेडिएटर पितळेचा हवा, काळा तो १९१७ च्या मॉडेलपासून. पितळेचा पातळ पत्रा सिंधुदुर्गात सुटा कुठे मिळेल? भांड्यांच्या दुकानात विचारलं तर अख्खी शीट घ्या म्हणतात, आणि मला लागतोय तळहाताएवढा.

पाणंद
शीट नका घेऊ. मोडीत काढलेली जुनी पितळी ताटली मागा, वजनावर मिळते. बूड सपाट असतं, गॅसवर लाल करून थंड करा म्हणजे मऊ पडतं, मग कात्रीनेही कापता येतं.