प्रति: पहिल्यांदाच घरी बिअर करायचीय, स्टीलचा फर्मेंटर घेऊ का?
स्टीलचा कोनिकल फर्मेंटर (बिअर आंबवायचं, तळाशी निमुळतं भांडं) दिसतो झकास, मान्य. पण पहिल्याच खेपेला एवढे डॉलर त्यात घालू नका. झाकणाची फूड-ग्रेड प्लास्टिकची बादली पुरते. फक्त ती आतून घासणीने घासायची नाही. चरे पडले की त्यात जंतू घर करतात. काचेचा कारबॉय, म्हणजे अरुंद तोंडाची मोठी बाटली, मात्र नकोच. साबणाच्या हातातून माझा एक बेसमेंटच्या पायऱ्यांवर सुटला, नशीब रिकामा होता.

पैसे घालायचेच तर पातेल्यात आणि थंडाव्यात घाला. १९ लिटरची खेप पूर्ण उकळायची तर पातेलं निदान ३० लिटरचं हवं, नाहीतर उतू गेलेलं वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) शेगडीवरून खरवडत बसाल. (त्यापेक्षा दूध परवडलं!) शिवाय यीस्ट कामाला लागलं की स्वतःच उष्णता सोडतं. खोली २० अंशांवर असली तरी बादलीत २३-२४ सहज होतात, आणि एल प्रकारच्या बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मारू शकतो. एक जुना फ्रिज आणि त्याला बाहेरून लावलेला तापमानाचा कंट्रोलर, एवढ्यावर माझं सहा वर्षं चाललंय.

हायड्रोमीटर (बिअरची घनता मोजायची काचेची नळी) मात्र दोन घ्या. एक फुटतोच.