स्थळ बघताना मुलाचं वय चालतं, मग मुलीचं का चालत नाही?

मृण्मयी, कोथरूड
माझ्या मामेबहिणीला एका स्थळाकडून नकार आला. ती ३३, मुलगा ३९. कारण काय, तर "पुढे मूल व्हायला अडचण नको". मुलाच्या वयाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अहो, पुरुषाचंही शरीर उतरतं आणि ते मोजता येतं. चाळिशीच्या आसपास वीर्याचं प्रमाण आणि शुक्राणूंची हालचाल कमी होऊ लागते, त्यांच्यातल्या डीएनएची मोडतोड वाढते. २०१२ साली आइसलंडमधल्या कुटुंबांचा अभ्यास आला. २० वर्षांच्या बापाकडून मुलात सरासरी २५ नवी म्युटेशन्स, म्हणजे डीएनएतले बदल, येतात, ४० वर्षांच्या बापाकडून ६५. आईकडून साधारण १५. पस्तिशीपुढच्या मुलाकडे पत्रिकेबरोबर वीर्यतपासणीचा रिपोर्टही मागावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सदाशिवपेठी
ताई, ६५ ऐकून लोक उगाच हादरतील. यातली बहुतेक म्युटेशन्स निरुपद्रवी असतात. माझा धाकटा काका आजोबांच्या पन्नाशीत झाला, ठणठणीत आहे. आधी मुलींना छळलं, आता मुलांनाही रांगेत उभं करायचं, हा न्याय नव्हे.

मृण्मयी, कोथरूड
एका काकावरून नियम ठरत नाही. अकॉन्ड्रोप्लेजिया, म्हणजे हातपाय आखूड राहण्याचा आजार, बापाच्या वयाबरोबर वाढतो हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. दुर्मिळ आहे, मान्य. पण मुलीच्या वयाचा बाऊ करताना आपण धोका किती टक्के आहे हे कधी विचारतो?

लॅबवाला, कर्वे रोड
रोज हेच नमुने बघतो म्हणून लिहितो. ताईंचा मुद्दा बरोबर, उपाय चुकीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलीलीटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, ४२ टक्के हालचाल, ४ टक्के नीट आकाराचे, असे खालच्या मर्यादेचे आकडे आहेत. त्यात वयाचा रकानाच नाही. ४५ वर्षांच्या माणसाचा काउंट उत्तम येतो आणि आतला डीएनए तुटलेला असू शकतो. ती तपासणी वेगळी, आणि पहिल्या फेरीत करू नये असं मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. वारंवार गर्भपात होत असतील तर विचार करतात. शिवाय शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. मधे तापाने झोपलात तर रिपोर्ट बिघडतो. असा कागद बघून लग्न मोडणार?

हिंजवडी_३८
लग्नाआधी नको, पण नंतर तरी? वर्षभर बायकोच्या सोनोग्राफ्या, इंजेक्शनं, रक्त. माझा नमुना डॉक्टरांनी सगळ्यात शेवटी मागितला, दोष निघाला तो माझ्यात. तिचं ते वर्ष कोण भरून देणार?

सदाशिवपेठी
हे मात्र शंभर टक्के पटलं. मूल राहत नसेल तर दोघांची तपासणी एकाच दिवशी व्हावी. २०२१ च्या कायद्याने कृत्रिम गर्भधारणेसाठी पुरुषालाही ५५ ची मर्यादा घातली आहेच. स्थळ बघताना रिपोर्ट मागायला माझा विरोध कायम.

लॅबवाला, कर्वे रोड
@हिंजवडी_३८ पुन्हा देणार असाल तर आधी २ ते ७ दिवस संयम पाळा, म्हणजे वीर्यस्खलन नको, नमुना लॅबमध्येच द्या. हिंजवडीहून बाटली आणलीत तर तास ट्रॅफिकमध्येच जाईल आणि हालचाल कमी दिसेल. आणि जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर अजिबात घेऊ नका. त्याने शुक्राणू तयार होणंच थांबतं.