पदवीच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरचे नाव लिहावे की लिहू नये?

टाकबोरू (मूळ मांडणी)

ग्राफिक आणि वेब डिझाइनच्या चार वर्षांच्या नव्या पदवीचा आराखडा आमच्या अभ्यास मंडळासमोर आहे. विषयांच्या घटकांत सॉफ्टवेअरची नावे घालायची की नाहीत, या एका प्रश्नावर पहिल्याच बैठकीत घोडे अडले. माझ्या मते पहिल्या चार सत्रांत फोटोशॉप, इलस्ट्रेटर, फिग्मा यांपैकी एकही नाव येऊ नये. अभ्यासक्रम एकदा विद्वत् परिषदेने मंजूर केला की पुढची काही वर्षे त्याला कोणी हात लावत नाही आणि सॉफ्टवेअरला तेवढा धीर नसतो. एके काळी फ्लॅश (वेबवर हलती चित्रे करण्याचे सॉफ्टवेअर) शिकल्याशिवाय वेब डिझायनर म्हणवून घेता येत नसे. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधारच काढून घेतला.

त्याऐवजी पहिल्या सत्रात बोरू आणि चपट्या ब्रशने देवनागरी अक्षरांकन असावे; दुसऱ्या सत्रात कागदावर ग्रिड, म्हणजे मांडणीच्या आधाररेषांची चौकट, आखावी आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये एचटीएमएल व सीएसएस (वेबपानाचा मजकूर आणि रूप ठरवणारा कोड) हाताने लिहावे. विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला, ते मुळात सुलेखनकार होते, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. इंग्रजी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवतात. तोच नियम सीएसएसमधून मराठी मथळ्याला लावला की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधले अंतर कमी केले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन आदळतो. ज्याने शिरोरेषा स्वतः ओढली आहे त्याला ही चूक पाहताक्षणी खटकते. हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या मेनूतून शिकता येत नाही.

छापखानावाला

तुमचे म्हणणे ऐकायला सुंदर आहे, पण ते चारही वर्षे निवांत शिकू शकणाऱ्या मुलासाठी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. घरच्या अडचणीमुळे दोन वर्षांनी बाहेर पडणारी मुलगी तुमच्या आराखड्याप्रमाणे एकही सॉफ्टवेअर न शिकता माझ्या दारात उभी राहील. मी तिला काय काम देऊ?

शिवाय तुम्ही जी नावे घेतलीत ती मुंबई-पुण्याच्या एजन्सींतली आहेत. तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि निवडणुकीची पत्रके आजही कोरलड्रॉमध्ये होतात आणि त्यांतला बराचसा मजकूर युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारा अक्षरांचा समान संकेत) येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये असतो. ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला युनिकोड मजकूर त्या फाँटमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात. रात्री अकरा वाजता ती एकेक करून दुरुस्त करणारा माणूस मला हवा असतो. छपाईसाठी रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, नेणे, कापणीसाठी कडेला तीन मिलिमीटर जागा सोडणे, फाँटचे कर्व्ह करून (अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून) फाइल पाठवणे या गोष्टी हात बसल्याशिवाय येत नाहीत आणि हात हा कोणत्यातरी एका सॉफ्टवेअरवरच बसतो.

पिक्सेलपंत

मी वेबवर काम करतो आणि मला दोन्ही मते अर्धवट वाटतात. छापखानावाले ज्याला कौशल्य म्हणतात, ती जुन्या फाँटची तडजोड आहे. ती विद्यापीठाने पदवीत शिकवली तर ती कधीच संपणार नाही. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ पासून देवनागरी आहे आणि ‘मुक्त’सारखे चांगले फाँट मोफत व खुल्या परवान्याने मिळतात.

मात्र टाकबोरू यांनी प्रत्येकाला कोड लिहायला लावू नये. मुद्रित माध्यमाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याला एका सत्राची ओळख पुरे. तिसऱ्या वर्षापासून दोन वाटा वेगळ्या कराव्यात. सर्वांना सक्तीचे काही करायचेच असेल तर सुलभता, म्हणजे अंध-अपंगांनाही वापरता येईल अशी रचना, सक्तीची करा. साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेड-अंधाराचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा, असा वेबच्या सुलभतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरे लिहून ‘मिनिमल’ म्हणवणारे पोर्टफोलिओ मी रोज पाहतो. पान मराठीत आहे हे कोडमध्ये नोंदवले नाही तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) मराठी मजकूर भलत्याच उच्चारात वाचू शकतो, आणि ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात त्यांतही हिंदी वळण उमटते. ही एका शब्दाची नोंद आहे, पण ती करायची असते हेच नवख्यांना कोणी सांगितलेले नसते.

टाकबोरू

पिक्सेलपंत, सुलभतेचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. वाटा वेगळ्या करण्याचा मान्य नाही, कारण आज पत्रिका छापणाऱ्यालाही तीच पत्रिका मोबाइलच्या पडद्यासाठी करून द्यावी लागते.

छापखानावाले, मधेच बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र किंवा पदविका मिळण्यासाठी चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता (इंटर्नशिप) पूर्ण करावी लागते. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास धरले तर हे एकशे वीस तास होतात. कोरलड्रॉ किंवा जे काही त्या गावात चालते ते तिथे, शक्यतो तुमच्यासारख्यांच्याच छापखान्यात, शिकवावे.

कार्यभार

मी महाविद्यालयात शिकवतो आणि कागदावरचा आराखडा वर्गात आल्यावर काय होते ते पाहत आलो आहे. उपयोजित कलेच्या शिक्षकाला सीएसएस येत नाही आणि संगणकशास्त्राच्या शिक्षकाला अक्षर दिसत नाही. दोघांनी मिळून एक विषय शिकवावा हे उत्तम, परंतु आमच्याकडे तासिकांचा कार्यभार एकाच्याच नावावर मोजला जातो, त्यामुळे दुसरा येत नाही. या प्रश्नाला आराखड्यात एक ओळही नाही.

दुसरे असे की, अभ्यासक्रमात नाव नसलेल्या सॉफ्टवेअरचा खरेदी प्रस्ताव आमच्या कार्यालयात टेबलावरून पुढे सरकत नाही. ‘साधननिरपेक्ष अभ्यासक्रम’ हे मंडळाचे तत्त्व लेखा विभागात ‘गरज नाही’ असे वाचले जाते. इंकस्केप आणि जिम्प मोफत आहेत हे खरे. ते चालवायला लागणारे संगणक मोफत नाहीत.

छापखानावाला

कार्यभार यांच्या प्रतिसादामुळे माझा मुद्दा अधिक पक्का झाला. चार श्रेयांकांचा तोडगा मला पुरेसा वाटत नाही. माझ्याकडे नवा मुलगा एकशे वीस तासांत फक्त चुका कमी करू लागतो. तरीही टाकबोरू यांना एक अट घालतो. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला मुद्दाम बिघडवलेली फाइल द्यावी, म्हणजे रंग चुकीचे, फाँट गायब, जोडाक्षरे फुटलेली, आणि तीन तासांत ती छपाईला जाण्याजोगी करून मागावी. कोणते सॉफ्टवेअर वापरायचे ते त्याने ठरवावे. मंडळ अशी परीक्षा घेणार असेल तर नावे गाळायला माझी हरकत नाही. ‘ग्रिडचे महत्त्व सांगा’ असाच प्रश्न राहणार असेल तर नावे राहू द्यावीत. त्या निमित्ताने निदान चार संगणक तरी येतील.