भुईमुगाच्या दाण्यात साखरेचे तेल नेमके कसे होते?

प्रश्न

भुईमुगाची शेंग कोवळी असताना फोडली, तर दाणा पाणीदार आणि गोडसर लागतो. तीच शेंग टरफलाची आतली बाजू काळपट पडेपर्यंत जमिनीत राहिली, की वाळलेल्या दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते. पानांकडून दाण्याकडे तेल जात नाही, साखरच जाते, असे वाचले आहे. मग तिचे तेल कोठे आणि कसे होते? शिवाय ज्वारीप्रमाणे पिष्ट साठवणे सोपे असताना भुईमूग तेलाच्या मागे का लागतो?

प्रतिसाद १

रसवाहिन्यांतून दाण्यात येणारी साखर मुख्यतः सुक्रोज असते. विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, तिचे तुकडे करतात आणि सहा कार्बनांच्या ग्लुकोजपासून तीन कार्बनांच्या पायरुव्हेट या रेणूपर्यंतचा प्रवास पेशीद्रव्यात आणि लवक या पेशीतल्या छोट्या अंगकात होतो. निर्णायक टप्पा लवकातला: तेथे पायरुव्हेटमधला एक कार्बन अणू कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुटतो आणि दोन कार्बनांचे अ‍ॅसिटिल-कोए उरते. हेच दोन-दोन कार्बन एकामागून एक जोडले जाऊन १६ किंवा १८ कार्बनांची मेदाम्ले, म्हणजे तेलाचे मूळ घटक, तयार होतात. ती लवकाबाहेर पडून आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात ग्लिसरॉल या छोट्या रेणूच्या सांगाड्याला तीन-तीन या प्रमाणात जोडली जातात आणि तेल तयार होते. त्याचे सूक्ष्म थेंब ओलिओसिन या प्रथिनाच्या आवरणात दाण्यातच साठतात. म्हणजे साखर विरघळून तेल होत नाही. ती आधी मोडली जाते आणि मग तिच्या तुकड्यांतून संपूर्ण नवा रेणू बांधला जातो.

या साऱ्या कारखान्याला चालना देणारे एक नियामक जनुक रिंकल्ड-१ या नावाने ओळखले जाते. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीत ते बिघडले, की बियांतले तेल सुमारे ८० टक्क्यांनी घटते आणि बी सुरकुतते, हे १९९८ साली दाखवले गेले.

प्रतिसाद २

तेल का, याचे उत्तर हिशेबात आहे. १८ कार्बनांच्या एका मेदाम्लासाठी नऊ पायरुव्हेट लागतात, म्हणजे साडेचार ग्लुकोज. त्यातल्या २७ कार्बनांपैकी नऊ वायू होऊन निघून जातात. वजनाने पाहिले तर १०० ग्रॅम ग्लुकोजपासून ओलेइक आम्ल हे १८ कार्बनांचे मेदाम्ल फार तर ३५ ग्रॅम मिळते, आणि जोडणीला लागणारी ऊर्जा धरली तर त्याहून कमी. तरीही हा व्यवहार तोट्याचा नाही, कारण एक ग्रॅम तेलात सुमारे नऊ आणि एक ग्रॅम पिष्टात सुमारे चार किलोकॅलरी असतात. अंकुराला पाने फुटेपर्यंत पुरणारी शिदोरी तेलाच्या रूपात कमी वजनात मावते, आणि रुजताना त्याच तेलापासून पुन्हा साखर तयार होते.

रेपसीड या मोहरीच्या कुळातल्या तेलबियाच्या वाढत्या, हिरव्या भ्रूणात निसटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग रुबिस्को हे विकर पुन्हा पकडते, असे २००४ साली संशोधनात दिसले. हे विकर आपल्याला प्रकाशसंश्लेषणातले म्हणूनच माहीत असते, पण येथे ते प्रकाशसंश्लेषणाच्या नेहमीच्या चक्राबाहेर राहून कार्बनची बचत करते. मला हा या विषयातला सर्वांत देखणा शोध वाटतो.

प्रश्नकर्ता

पण भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे शेंग धरणारे देठ, जमिनीत शिरतात आणि शेंग अंधारात पोसते. मग तिचे काय?

प्रतिसाद २

अंधारातल्या दाण्याला प्रकाशाची मदत मिळत नाही. मेदाम्लाच्या जोडणीला लागणारी ऊर्जा आणि हायड्रोजन पुरवणारे सहविकर (विकराला मदत करणारा रेणू) ही दोन्ही त्याला आलेल्या साखरेतूनच मिळवावी लागतात, म्हणून त्याचे अवलंबित्व वरच्या पानांवर अधिक असते. टिक्का किंवा तांबेरा या पानांवरच्या रोगांनी पाने अकाली गळाली, तर दाणे पुरेसे भरत नाहीत. त्यामागे हेच कारण आहे. शेंगा भरत असताना पाने निरोगी राखणे म्हणजे थेट तेलाचा कच्चा माल राखणे होय.