परसातील खेळाचे कोर्ट: डांबर की काँक्रीट? तातडीने सल्ला हवा

शटलप्रेमी
घरामागच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी खेळाचे कोर्ट करून घ्यायचे आहे. दोन कंत्राटदारांची दरपत्रके हाती आली आहेत. एक डांबर टाकून वर अ‍ॅक्रिलिक रंगाचे थर देतो म्हणतो, तर दुसरा काँक्रीटशिवाय बोलायलाच तयार नाही आणि त्याची रक्कम पहिल्याच्या जवळपास दीडपट आहे. थंडी पडायच्या आत काम उरकायचे असल्याने शुक्रवारपर्यंत होकार कळवणे भाग आहे. ज्यांनी स्वतः असे काम करून घेतले आहे त्यांनीच कृपया सांगावे: डांबर की काँक्रीट? ‘मुलांना क्लबात घाला’ हा सल्ला घरातून अगोदरच मिळालेला आहे.

नाशिककर_स्थापत्य
थंडीची एवढी धास्ती कशासाठी, हे कळले नाही. उलट काँक्रीटच्या कामाला दिवाळीनंतरचा काळ सोयीचा असतो. खरा प्रश्न खालच्या जमिनीचा आहे. काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा थर कितीही भारी असला तरी तो फोडते. निदान दोन फूट माती काढून थराथराने मुरूम भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा, त्यावर सोलिंग (दगडांचा थर) करावे आणि मगच पीसीसी, म्हणजे सळ्यांशिवायचे साधे काँक्रीट. भाच्याने गंगापूर रोडच्या बंगल्यात कोर्ट करताना सोलिंगचा खर्च वाचवला आणि दुसऱ्याच पावसाळ्यानंतर सर्व्हिसच्या रेषेवर बोट शिरेल एवढी भेग पडली.

मोकळी_हवा
उघड्यावर बॅडमिंटन खेळणे व्यर्थ आहे. वाऱ्याची झुळूक आली की फूल शेजारच्या अंगणात जाते. आधी पत्र्याची उंच शेड घाला, जमिनीचे नंतर पाहू.

कोपऱ्यातली
बॅडमिंटनचा विषय कोणी काढला आहे? धागाकर्त्याच्या टोपणनावावरून शेड उभारायला निघालात की काय! शटलप्रेमी, गाव कोणते, जागेची मापे किती आणि खेळ कोणता, हे लिहिल्याशिवाय कोणीही काहीही सांगू शकणार नाही.

शटलप्रेमी
थंडीचा उल्लेख केला होता, त्यावरून अंदाज येईल असे वाटले. मी न्यू जर्सीत राहतो. एकूण जमीन पाव एकर आहे आणि मागे ६० बाय ३० फुटांचा तुकडा मोकळा आहे. मुलीला बास्केटबॉल, मुलाला पिकलबॉल (कडक बॅट आणि छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन जाळीवरून खेळतात तो खेळ) आणि आम्हा दोघांना बॅडमिंटन, असे सारे एकाच जागेत बसवायचे आहे. जमिनीलगतच्या कामाला परवाना लागत नाही, असे कंत्राटदार म्हणतो. आता तरी मूळ प्रश्नाचे उत्तर मिळेल का?

नाशिककर_स्थापत्य
मग मुरूम मिळणार नाही. बाकी सल्ला तसाच राहील.

हिमरेषा
मी याच राज्यात अशी कामे करतो, म्हणून सविस्तर लिहितो. येथे पाणी फटीत शिरते, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि फट रुंदावते. हे दर हिवाळ्यात पुन्हा पुन्हा घडत असल्याने डांबराला काही वर्षांत भेगा पडतात व दुरुस्तीचा खर्च मागे लागतो. काँक्रीट घ्यायचे तर ४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ताकदीचे आणि मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे राखलेले घ्यावे, कारण गोठणाऱ्या पाण्याला फुगायला त्या पोकळ्यांत जागा मिळते. खाली दाबलेली खडी ६ इंच आणि वर स्लॅब ४ इंच. पृष्ठभागाला दर १० फुटांना १ इंच एवढा एकाच दिशेने उतार द्यावा. म्हणजे ३० फुटांच्या रुंदीत एक कड दुसरीपेक्षा ३ इंच खाली येईल आणि खेळताना ते जाणवणारही नाही. मधोमध उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार देऊ नये. गवंड्याला थापीने गुळगुळीत फिरवू देऊ नका, झाडूच्या रेघा राहू द्या. क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीटमधली ओल टिकवणारे रसायनही फवारू देऊ नका, कारण त्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही. ओले कापड घालून पाणी मारावे आणि रंगापूर्वी २८ दिवस थांबावे.

मात्र या सगळ्याच्या आधी टाउनशिपच्या (गावच्या स्थानिक प्रशासनाच्या) झोनिंग ऑफिसात, म्हणजे जमिनीच्या वापराचे नियम पाहणाऱ्या कचेरीत जाऊन या. पावसाचे पाणी मुरू न देणारा भाग एकूण जमिनीच्या किती टक्के चालतो, याची मर्यादा तेथे मिळेल. बांधकाम परवाना लागत नसला तरी ती मर्यादा सुटत नाही.

फरशीवाला_दादा
एवढा खटाटोप कशाला? प्लास्टिकच्या जाळीदार फरशा खडीवर अंथराव्यात. पाणी खाली मुरते, गुडघेही वाचतात आणि घर विकताना उचलून नेता येतात.

हिमरेषा
खडीवर अंथरलेल्या फरशा हिवाळ्यानंतर खालीवर होतात आणि चेंडू कोठेही उसळतो. त्यांच्याखालीही कठीण, सपाट तळ लागतोच. शिवाय अनेक टाउनशिप दाबलेली खडीसुद्धा न मुरणाऱ्या भागातच मोजतात.

फरशीवाला_दादा
आमच्याकडे टेक्सासमध्ये असा काही त्रास नाही.

कोपऱ्यातली
टेक्सासचे उत्तर न्यू जर्सीला लावण्यात अर्थ नाही. पिकलबॉलबद्दल मात्र सांगते. हा खेळ १९६५ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर बॅडमिंटनच्या जुन्या कोर्टावरच सुरू झाला आणि आजही दोन्हींचे कोर्ट ४४ बाय २० फूट असते. त्यामुळे तुमचा हिशेब कागदावर बरोबर बसतो. पण त्या कडक बॅटचा टॉक-टॉक आवाज शेजाऱ्यांना फार खुपतो. आमच्या वस्तीत त्यावरून सभा गाजल्या आहेत.

शटलप्रेमी
टाउनशिपमध्ये जाऊन आलो. आमच्या झोनमध्ये मर्यादा ३० टक्के आहे, म्हणजे १०,८९० चौरस फुटांपैकी ३,२६७. घर, गॅरेज, ड्राइव्हवे आणि पॅटिओ मिळून २,५१० आधीच भरले आहेत. उरतात ७५७, आणि मला हवे आहेत १,८००. सवलत हवी असेल तर टाउनशिपच्या बोर्डापुढे सुनावणी होणार आणि २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला नोटीस द्यावी लागणार. कंत्राटदाराला हे ऐकवले, तर तो म्हणतो की कोणी तक्रार केली तरच कोणी विचारेल. घर माझे, दंडही मलाच; त्याला नकार कळवला आहे. आता ७५७ फुटांत काय होईल, तेवढे सांगा.

मोकळी_हवा
शेड.

हिमरेषा
शेडचे छप्परही त्याच हिशेबात धरतात. ३० बाय २५ फुटांचा बास्केटबॉलचा अर्धा कोर्ट करा. ७५० चौरस फूट होतात. फ्री थ्रोची रेषा बास्केटमागच्या फळीपासून १५ फुटांवर येते आणि शाळेच्या खेळातली १९ फूट ९ इंचांची तीन गुणांची रेषा समोरून बसते, फक्त बाजूंना कापली जाईल. एवढ्याशा कामासाठी डांबराचे यंत्र आणि रोलर मागच्या अंगणात नेणे परवडत नाही, तर काँक्रीट सव्वानऊ घनयार्ड लागेल आणि ते साधारण एका मिक्सर ट्रकमध्ये येते. बॅडमिंटनचे फूल जमिनीवर उसळवायचे नसते, म्हणून खांब गवतात रोवून तेथेच खेळा. पिकलबॉलसाठी मुलाला सार्वजनिक कोर्टावर न्यावे लागेल.

बास्केटच्या खांबाचा पाया स्लॅबपासून वेगळा आणि ३ फूट खोल, म्हणजे जमीन गोठते त्या पातळीच्या खाली न्यावा. २ बाय २ फुटांचा पाया उरलेल्या ७ चौरस फुटांत बसतो. खोदण्याआधी ८११ वर फोन करा. गॅस आणि विजेच्या वाहिन्यांच्या खुणा फुकट करून देतात.

नाशिककर_स्थापत्य
ट्रक येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा. माल पसरायला सोपा जावा म्हणून मजूर त्यात पाणी ओततात आणि ताकद तेथेच जाते. हे नाशकात आणि तुमच्याकडे सारखेच असणार.